एका समभुज त्रिकोणावरून

सहावीतल्या एका मुलीची आई चाचणीचा पेपर हातात घेऊन आमचा जिना चढून आली, तेव्हा माझे हात कणकेत होते. शिकवणीची मुलं यायला अजून अवकाश होता. मी कोपराने दार ढकललं आणि म्हटलं, "या ना, बसा." ती बसली नाही. वडप्याला हायवेलगत त्यांची जमीन होती, तिथे आता गोडाऊनं उभी आहेत, आणि मुलीला आमच्या गल्लीत सोडायला मोठी गाडी येते. एरवी ती गाडीतूनच हात हलवायची. आज पहिल्यांदाच वर आली होती.

"टीचर, हे तुम्ही शिकवलंत का?" तिने पेपर माझ्या डोळ्यांसमोर धरला.

पेपरात तीन त्रिकोण काढलेले होते, बाजूंची मापं लिहून. एकाच्या तिन्ही बाजू वेगळ्या. दुसऱ्याच्या दोन बाजू सारख्या आणि तिसरी आखूड. शेवटच्याच्या तिन्ही सारख्या. खाली प्रश्न होता : यांपैकी समद्विभुज त्रिकोण कोणता किंवा कोणते? मुलीने दुसरा आणि शेवटचा असे दोन्ही लिहिले होते. शेवटच्यावर लाल पेनाची फुली होती आणि शेजारी सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हा समभुज.’

"हो, मीच शिकवलं," मी म्हटलं. "आणि ते बरोबर आहे."

"बरोबर हाय तर फुली कशी?"

मी समजावायला लागले. समद्विभुज म्हणजे दोन बाजू सारख्या. ज्याच्या तिन्ही सारख्या, त्याच्या त्यातल्या दोन सारख्या असणारच. म्हणजे समभुज त्रिकोण हा समद्विभुजही झालाच. बोलता बोलता मी कणकेच्या बोटाने ओट्यावर त्रिकोणसुद्धा काढला. तिने तो पाहिला नाही.

"मला त्यातलं काय कळत न्हाय, टीचर. पण माझी पोरगी कालपासून जेवत न्हाय. सरांनी वर्गात विचारलं, हे कोणी शिकवलं? ती बोलली, शिकवणीच्या टीचरनी. तर सगळी पोरं हसली. शाळेत एक आणि तुमच्याकडं एक, असं कसं चालंल? काय ते तुम्ही दोघं बसून ठरवा."

एवढं बोलून ती उतरली. खाली गाडीचं दार लागलं. मी कणीक तशीच झाकून ठेवली आणि हात धुवायचे विसरून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

माझा स्वभाव मला ठाऊक आहे. एखादी गोष्ट मनाला लागली की मी घरभर फिरत राहते. डबे उघडते, बंद करते, उगाच पडदा सारखा करते. आमच्या समोरच्या शेडमध्ये कापडाचे लूम चालतात. त्यांच्या धक्क्याने आमच्याकडे भांड्यातलं पाणीसुद्धा हलतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस त्या आवाजाने वेड लागायची पाळी आली होती, मग सवय झाली. त्या संध्याकाळी मात्र तो आवाज थेट माझ्या डोक्यातच चालू आहे असं वाटत होतं.

मी गणित घेऊन बी.एस्सी. केलं. लग्नाआधी दोन वर्षं एका खासगी शाळेत शिकवलंही. मग मुलगा झाला, सासूबाईंचे गुडघे गेले, आणि मी घरातच शिकवणी सुरू केली. बाहेरच्या खोलीत चटया घालायच्या, भिंतीला फळा टेकवायचा. लूमवर काम करणाऱ्यांची मुलं येतात, दुकानदारांची येतात, आजूबाजूच्या गावांतली येतात. निम्मं मराठीत शिकवते, निम्मं हिंदीत. मला ते काम आवडायचं. पण गणिताबद्दल मी बोललेलं कोणी खोडलं आहे, असा प्रसंग इतक्या वर्षांत आला नव्हता, कारण खोडणारं समोर कोणी नसायचंच.

त्या दिवशी मुलं आली. ती मुलगी आली नाही. लूम चालवणाऱ्या एका कामगाराच्या मुलीने, ती त्याच वर्गात होती, चटईवर बसतानाच विचारलं, "टीचर, तो फिर सही क्या है? सर का या आपका?"

"उद्या सांगते," मी म्हटलं. आणि मला स्वतःचाच राग आला. ‘माझं’ असं सरळ का म्हणाले नाही?

मुलं गेल्यावर मी माळ्यावरची जुनी पुस्तकं काढली. एका पुस्तकात ‘दोन बाजू समान’. दुसऱ्यात ‘किमान दोन बाजू समान’. फोनवर शोधलं तर तिथेही तसंच. कोणी इकडचं, कोणी तिकडचं. कॉलेजातली एक मैत्रीण नाशिकला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, तिला फोन लावला. ती हसली. म्हणाली, "अगं, दोन्ही चालतं. तू व्याख्या काय घेतेस त्यावर आहे. वरच्या वर्गांत किमान दोन असंच धरतात. शाळेत काहीजण फक्त दोन धरतात. त्यात एवढं काय?"

दोन्ही चालतं हे उत्तर मला अजिबात चाललं नाही. माझं चूक असतं तर मी सरांकडे जाऊन चुकले म्हटलं असतं. सरांचं चूक असतं तर भांडले असते. आता करायचं काय?

सासूबाई पलंगावर पाय पसरून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगो, बस की जरा. तुझे फिरण्यान माझे डोले फिराय लागले. झालंय काय?"

मी त्यांना सांगितलं. त्यांना सांगायचं म्हणून अगदी सोपं करून सांगितलं, त्रिकोणाचं नावही न घेता. "समजा आई, एखाद्या गोष्टीत तीन सारख्या आहेत. तर त्यात दोन सारख्या आहेत असं म्हणता येईल की नाही?"

त्या थोडा वेळ गुडघे चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला तीन पोरगे हायत. कोणी विचारलं, म्हातारे, तुला दोन पोरगे हायत का, तर मी हो कशी बोलू? हो बोलले तर तिसऱ्यानं जायचं कुठं?"

मी हसले, पण ते मला लागलंही. सरांची बाजू त्यांनी माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर बसून इतकी नीट मांडली होती. बोलण्यातलं ‘दोन’ आणि गणितातलं ‘दोन’ यात फरक आहे हे मी त्यांना सांगू पाहिलं, पण तोवर त्या टीव्हीकडे वळल्या होत्या. नवरा पडघ्याच्या गोडाऊनमधली ड्युटी संपवून आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एका मार्कासाठी तू शाळेत जाणार?"

"मार्कासाठी नाही."

"मग कशासाठी?"

मी त्याचं ताट वाढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. रिक्षा कंटेनरच्या मागे अडकली, पुढे खड्डे, बाजूला कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो आडवा. मी शेवटी उतरून चालत निघाले. चालताना मनातल्या मनात सरांशी भांडत होते. इतकी की पानाच्या गादीवरचा एक म्हातारा माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिला.

सरांना मी नावाने ओळखत होते, भेटले कधी नव्हते. सरांचं घराणं इथलं जुनं, कोकणी मुसलमानांचं. बाजारात त्यांच्या भावांची दुकानं आहेत. सर मात्र शाळेतच राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं, आणि बोलणं पुस्तकासारखं शुद्ध. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. माझं म्हणणं मधे न तोडता ऐकलं.

मग म्हणाले, "बाई, तुमचं गणित बरोबर आहे. ते मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे."

मी कप खाली ठेवला. "मग फुली का?"

"कारण हा सहावीचा वर्ग आहे. वर्गीकरण म्हणजे काय? वेगळं करणं. मुलांसमोर त्रिकोणांचा ढीग आहे. हे समभुज, हे समद्विभुज, हे विषमभुज. तीन ढीग. एकच त्रिकोण दोन ढिगांत पडायला लागला की उद्या कोणीही काहीही लिहील आणि मला म्हणेल, शिकवणीत सांगितलं."

"आठवीत तुम्हीच शिकवता ना सर, की प्रत्येक चौरस हा आयतही असतो? तेव्हा चौरस दोन ढिगांत नसतो का?"

सरांची मान ताठ झाली. त्यांना ते आवडलं नव्हतं. "आठवीतलं आठवीत," ते म्हणाले. मग पेनाचं टोपण काढलं, लावलं. "बरं, असं करू. मुलीला बोलावतो. तिने मला कारण सांगितलं तर मी आत्ता, तुमच्यासमोर फुली खोडतो. पण तुमचं कारण मला नको, तिचं हवं. तुम्ही बोलायचं नाही."

शिपाई जाऊन तिला घेऊन आला. मला तिथे पाहून ती दारातच थांबली. सरांनी तिच्याशी अगदी मऊ आवाजात बोलून तिला जवळ बोलावलं. पेपर पुढे ठेवला. "हा त्रिकोण तू समद्विभुज का लिहिलास? घाबरू नकोस. मला फक्त कारण सांग."

ती पेपराकडे बघत राहिली. मी माझी बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. सांग ना, मी मनात म्हणत होते. दोन सारख्या आहेतच ना, एवढंच तर म्हणायचं आहे. आपण चटईवर बसून दहादा बोललो ते. खिडकीबाहेर कोणीतरी दोरीच्या उड्या मारत होतं, दोरी फरशीवर आपटत होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "टीचरनी सांगितलं होतं."

"ठीक आहे. जा वर्गात," सर म्हणाले. तिच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. ती गेल्यावर माझ्याकडे वळून काही बोलतील असं वाटलं होतं.  त्यांनी चहा गार झाला म्हणून दुसरा मागवू का, असं विचारलं. मी नको म्हटलं आणि निघाले.

घरी येऊन मी भांडी घासली, मग घासलेलीच भांडी पुन्हा घासली. सरांचा राग येत नव्हता, मुलीचाही नाही. वाक्य माझं होतं, तिने ते फक्त वाहून नेलं होतं. शाळेत सरांचं वाक्य, घरी माझं. तिचं स्वतःचं असं काही त्या पेपरात नव्हतंच.

त्या संध्याकाळी ती शिकवणीला आली. आईनेच पाठवलं होतं. ती भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता बसली. मी फळ्याला हातही लावला नाही. नव्या खराट्याचे हीर उपसले, सासूबाई ओरडल्या तरी उपसले, आणि त्यांचे लहानमोठे तुकडे करून मुलांपुढे टाकले. म्हटलं, "त्रिकोण करा. हवे तसे. नावं तुम्हीच ठेवा."

मुलांना गंमत वाटली. कोणी फार आखूड तुकडे घेतले, ते जुळेचनात. ‘टीचर, ये तो मिलताच नहीं,’ अशी ओरड झाली. ती मुलगी बराच वेळ नुसती बघत होती. मग तिने दोन सारखे हीर घेतले, त्यांची एकेक टोकं दोऱ्याने बांधली आणि ते कैचीसारखे उघडझाप करू लागली. खालच्या मोकळ्या टोकांमध्ये बसेल असा तिसरा तुकडा शोधायचा, लावायचा, काढायचा, पाय आणखी थोडे फाकवायचे, पुन्हा नवा तुकडा. मी दुसऱ्या मुलांकडे बघत असल्याचं सोंग केलं.

"हा समद्विभुज," ती पुटपुटली. "हापण. हापण." मग एक तुकडा असा बसला की तिन्ही सारखे झाले. ती थांबली. पट्टी घेऊन मोजलं. पुन्हा पाय फाकवले, लांब तुकडा लावला. "हा परत समद्विभुज." मग पाय पुन्हा जवळ आणले.

"टीचर," ती एकदम म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "या दोघांना तर मी हातच लावला नाही. हे दोघं सारखेच होते ना सगळा वेळ? मी फक्त खालचा बदलला. मग मधेच एकदा यांचं नाव का जाईल?"

मला काय झालं कोण जाणे, मी उठून आत गेले आणि पाणी प्यायले. बाहेर येईतो कामगाराच्या मुलीने तिच्याशी वाद घालायला सुरुवात केली होती. "लेकिन नाम तो बदला ना? तीनों सेम हो गये, तो नाम बदल गया!"

"नवीन नाव मिळालं. जुनं कुठं गेलं?"

"जुना पुसला!"

"कोणी पुसलं?"

मी त्यांना थांबवलं नाही. त्या दिवशी दुसरं काहीच शिकवून झालं नाही. मधे ती मुलगी हीर फाकवत फाकवत पार सरळ रेषेत घेऊन गेली आणि आश्चर्याने म्हणाली, "बघ, आता तर त्रिकोणच नाही राहिला." आणि सगळ्या मुलांनी आपापले हीर तसे सपाट करून पाहिले.

जाताना तिने दोऱ्याने बांधलेले ते दोन हीर दप्तरात घातले. मी विचारलं नाही, कशाला.

पुढचं मला तिनेच येऊन सांगितलं, चपला काढता काढता, धापा टाकत. ती गणिताच्या तासाला उभी राहिली होती. सर, मला कारण सांगायचंय, म्हणाली. सरांनी तिला पुढे बोलावलं. तिने टेबलावर हीर ठेवून दाखवलं. मागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे आली. एकजण म्हणाला बरोबर, एकजण म्हणाला चूक, दोघांची जुंपली. सर खुर्चीत बसून ऐकत राहिले, शेवटी तास संपल्याची घंटा झाली. मग त्यांनी तिचा पेपर मागवला आणि लाल पेनाने फुली खोडली.

"आणि काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, हे तुझं आहे म्हणून मार्क दिला. बाकी कोणी मागू नये."

मी इतकी खूश झाले की तिला जवळ घेतलं. तीही हसत होती. मग तिने आईचा निरोप सांगितला. पुढच्या महिन्यापासून ती येणार नाही. कल्याणला मोठ्या क्लासमध्ये नाव घातलं आहे, तिथे शाळेच्या पुस्तकाप्रमाणेच शिकवतात. नंतर मी तिच्या आईला फोन केला, झालेलं सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मार्क मिळाला, बरं झालं. पण टीचर, मला रोज ही भांडणं नकोत. तिला शिकायचं हाय, भांडायचं न्हाय."  तिच्या जागी मी असते तर कदाचित मीही हेच केलं असतं. कदाचित नसतंही.

नंतरच्या चाचणीचा पेपर मला दुसऱ्या मुलांकडून बघायला मिळाला. त्रिकोणांचा प्रश्न पुन्हा होता. सरांनी या वेळी लिहिलं होतं : ‘ज्याच्या फक्त दोनच बाजू समान आहेत असा त्रिकोण ओळखा.’ मी तो प्रश्न दोन-तीनदा वाचला. त्यात माझा पराभव नव्हता आणि त्यांचाही नव्हता. भांडणाला जागाच उरू नये अशी ती वाक्यरचना होती. मला ती आवडली आणि तिचा रागही आला. चप्पल घालून मी पुन्हा शाळेकडे निघाले.

सर मैदानात उभे होते. मला बघून म्हणाले, "आता काय? यात तर चूक नाही ना?"

"चूक नाही. पण समद्विभुज हा शब्दच तुम्ही गाळलात."

सर मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, फारसं पाहिलंच नव्हतं म्हणा. "बाई, तुम्ही घरी बसून माझ्या पेपरातल्या चुका काढता त्यापेक्षा इथे येऊन शिकवा ना. सहावीच्या दुसऱ्या तुकडीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर चालल्या आहेत. मुख्याध्यापकांशी मी बोलतो."

मला वाटलं, ते बोलण्याच्या भरात बोलले. पण त्यांनी खरोखर शब्द टाकला. घरी दोन दिवस यावरच बोलणं चाललं. नवऱ्याचं म्हणणं, रजेवरची बाई परत आली की तू पुन्हा घरी, मधे शिकवणी बंद पडेल त्याचं काय? ते खरंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला. घरात नुसती येरझाऱ्या घालते. तिथे तरी पोरांच्या मधून घालंल."

आता मी रोज सकाळी शाळेत जाते. शिक्षकांच्या खोलीत सरांच्या समोरचीच खुर्ची मला मिळाली आहे, आणि आमची भांडणं संपलेली नाहीत. परवा शून्य ही सम संख्या आहे की नाही ते मुलांना कधी सांगायचं यावरून झालं. सर म्हणाले, सहावीत नको. मी म्हटलं, सहावीतच हवं. रजेवरच्या मॅडम परत कधी येणार हे कोणी नक्की सांगत नाही, आणि त्या आल्या की माझं काय, हेही नाही. रात्री अंथरुणावर पडलं की तो विचार येतो, मग पाठोपाठ उद्याच्या तासाचा येतो, आणि मी कुशी बदलत राहते.